बँकेत आहेस ना, मग म्हापशाला बदली घे की

चतुर्थीला गोव्यात डिचोलीला गेलो की मामांचा हा सल्ला ठरलेला. दरवर्षी सांगतो, मामा, आमच्याकडे काउंटर नाही, पासबुक नाही, आम्ही कंपन्यांचे आयपीओ आणतो, म्हणजे त्यांचे शेअर पहिल्यांदा बाजारात विकायला काढतो. मामा माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधता बांधता म्हणतात, "मग कसली ती बँक!"

यंदा शेजारचा टीवायबीकॉमचा मुलगा वेगळंच विचारून गेला. "दादा, गोवा युनिव्हर्सिटीच्या डिग्रीवर इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये घेतात?" तेवढ्यात आरती सुरू झाली आणि उत्तर राहून गेलं.

मुंबईच्या बीकेसीतल्या मोठ्या परदेशी बँकेत थेट? जवळपास नाहीच. तिथं आयआयएमवाले, नाहीतर सीएतले रँकर. आमची युनिव्हर्सिटी आहे त्या ताळगावच्या पठारापर्यंत या बँकांची गाडी मी तरी चढलेली बघितली नाही.

पण मागचं दार आहे. 2012 मध्ये बीएसई आणि एनएसई या शेअर बाजारांनी छोट्या कंपन्यांसाठी एसएमई प्लॅटफॉर्म काढले. त्यावरचे आयपीओ बरेचदा लहान मर्चंट बँकर फर्म, म्हणजे आमच्यासारख्या आयपीओ आणणाऱ्या संस्था, आणतात. असा इश्यू 100 टक्के अंडरराइट करावा लागतो, म्हणजे न खपलेले शेअर घ्यायची हमी द्यावी लागते, आणि त्यातले किमान 15 टक्के लीड मॅनेजरच्या, म्हणजे इश्यू आणणाऱ्या फर्मच्या, स्वतःच्या माथी. स्वतःचे पैसे अडकणार म्हटल्यावर साहेबाला कॉलेजच्या नावापेक्षा पोराला ताळेबंद वाचता येतो का, याची जास्त पडलेली असते.

माझ्या पहिल्या मुलाखतीत साहेब हसले, "गोवा? तिथं अभ्यास पण करतात?" मीही हसलो. (राग अजून आहे.) मग त्यांनी एका कंपनीचे आकडे पुढे सरकवले. नफा दरवर्षी वर. मी म्हटलं, सर, विक्रीपेक्षा उधारी जोरात वाढतेय, पैसा हातात आलाच कुठं?

हे मला कुठल्या कोर्सने शिकवलं नव्हतं. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा बाबांचा खनिजाचा ट्रक अंगणात उभा आणि बँकेचा हप्ता चालू. कागदावर आमच्याकडे लाखांची मालमत्ता होती आणि वाण्याकडे उधारीची वही.

तेव्हा फायनान्शियल मॉडेलिंगच्या क्लासला हजारो रुपये घालण्याआधी दहा डीआरएचपी, म्हणजे आयपीओआधीची कंपन्यांची माहितीपत्रकं, वाच बाबा. सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था), एक्स्चेंजच्या साइटवर फुकट आहेत. रिस्क फॅक्टर्स, कोर्टकज्जे, कॅश फ्लो. चकचकीत पानं सोडून दे.

खरी अडचण डिग्रीची नाहीच, मुंबईतल्या खोलीची आहे. इंटर्नशिपला मिळायचं ते लोकलच्या पासात आणि वडापावात जायचं. कांदिवलीला मावशी होती म्हणून मी तीन महिने टिकलो. माझ्यापेक्षा हुशार मित्राची मुंबईत मावशी नव्हती. तो आज पणजीत सरकारी नोकरीच्या यादीची वाट बघतोय, आणि लोक म्हणतात गोंयकाराला महत्त्वाकांक्षा नाही!

बोटीवर जाणाऱ्या पोरांसाठी आपल्या गावांनी मुंबईत धोबी तलावला कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या मुक्कामाच्या खोल्या, चालवल्या. कमी शिकलेली, खलाशी माणसं ती. आम्ही एसीत बसून लिंक्डइनवर 'ऑल द बेस्ट' लिहितो.

माझ्या गोरेगावच्या हॉलमध्ये एक गादी मावते. शेजारच्या पोराला काल फोन केला. परीक्षा झाली की थिवीला कोकणकन्या पकड, आणि येताना खाजें आण.