नोकरी गेलेल्या माणसाला ‘संधी शोध’ म्हणावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आपल्या अडचणीतूनच संधी मिळते. त्यावर तुम्ही लिहिलंत, “बुटीबोरीत अकरा वर्षं फिटर होतो, कंपनीनं घरी बसवलं. घराचा हप्ता थांबत नाही. अडचणीत संधी शोधा, हे भरल्या पोटी सुचतं.” दोनदा वाचलं. एक गोष्ट मी लेखात लिहायलाच हवी होती. २०१७ च्या मे महिन्यात माझी अकाउंटंटची नोकरी गेली तेव्हा बायकोचा पगार सुरू होता. पाच महिने घर त्यावर चाललं. तो नसता तर मिळेल ते काम धरलं असतं, आणि तेच बरोबर होतं.

पण मन खंबीर ठेवा की सगळं होतं, असं मला म्हणायचं नव्हतं. घडलं ते सांगतो.

१ जुलैला जीएसटी आला. साध्या कापडावर तोवर व्हॅट नव्हता, आता ५ टक्के कर. नागपूरच्या गांधीबागेत आमच्या नेहमीच्या कापड दुकानात गेलो तर शेठ लाल चोपडी उघडून बसलेले. सुरतचा व्यापारी बिलासाठी जीएसटी नंबर मागत होता. “भाऊ, ये एचएसएन क्या होता है?” एचएसएन म्हणजे बिलावर लिहायचा मालाच्या प्रकाराचा कोड. मी गठ्ठे खाली काढायला लावले. सुती एकीकडे, पॉलिएस्टर दुसरीकडे. सुतीचा कोड ५२ नं सुरू होतो, पॉलिएस्टरचा बहुतेक ५४ किंवा ५५ नं. दुपारभर चिठ्ठ्या चिकटवल्या. कंपनीत एक्साइजसाठी असेच कोड मी वर्षानुवर्षं लिहीत होतो. तिथे त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, इथे शेठनी उठून खुर्ची दिली.

मग शेजारच्या दुकानातून बोलावणं आलं. दिवाळीपर्यंत नऊ दुकानं झाली, दुकानामागे महिन्याला ७०० रुपये. जुन्या पगाराच्या निम्मेही नव्हते. एप्रिल २०१८ मध्ये परराज्यातून येणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारं ऑनलाइन बिल, लागायला लागलं, तेव्हा कुठे जम बसला.

“कायदा बदलला हे तुमचं नशीब,” असंही तुम्ही म्हणता. वेळ नशिबाची होती, मान्य. नोकरी गेल्यानं मला फक्त रिकाम्या दुपारी मिळाल्या. काम मिळालं ते त्या दुकानदारांच्या अडचणीतून, कारण ती सोडवायची सवय माझ्या हाताला आधीपासून होती. लेखात मी ‘आपल्या अडचणीतून’ असं लिहिलं, ते चुकलंच.

म्हणून तुम्हाला विचारतो. तुमच्या खात्यात कोणतं मशीन सारखं बंद पडायचं? ते दुरुस्त करायला बाहेरून माणूस यायचा का, किती दिवसांनी यायचा, आणि तोवर तुम्ही काय करून ते चालू ठेवत होता? तेच मशीन हिंगण्याच्या, कळमेश्वरच्या लहान कारखान्यांत असेल, तर तिथे त्याची देखभाल कोण करतं? इथेच खाली लिहा. हिंगण्यातल्या तीन कारखानदारांचे हिशेब मी बघतो, त्यांना मी याच आठवड्यात विचारतो.