पेरास्तचं बेट: दगड मोजताना जहाजं विसरलात

सध्या सगळीकडे फिरणारी गोष्ट अशी: मॉन्टेनेग्रोत, कोटोरच्या उपसागरात, १४५२ साली दोन खलाशी भावांना खडकावर मेरीचं चित्र सापडलं. तेव्हापासून सफरीवरून सुखरूप परतलेला प्रत्येक खलाशी तिथे एक दगड टाकायचा. दगडावर दगड पडून बेट झालं, त्यावर चर्च उभं राहिलं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. गोष्ट गोड आहे, पण तिच्यातून खरी मेहनतच गळून पडली आहे.

आधी दगडांचं बघू. खडक मुळात होताच, नावातच आहे तो: 'गोस्पा ओद श्क्रप्येला', म्हणजे खडकावरची माउली. त्याच्याभोवती समोरच्या किनाऱ्यावरच्या पेरास्त गावच्या लोकांनी जुनी आणि शत्रूकडून पकडलेली जहाजं दगडांनी भरून बुडवली. सुटा दगड पाण्याखालच्या उतारावर घरंगळत जातो. जहाजाच्या पोटातले दगड पेटाऱ्यात भरल्यासारखे एका जागी बसतात. अशी सुमारे ३,००० चौरस मीटर जागा तयार झाली. एकट्यादुकट्याच्या श्रद्धेचं हे काम नव्हे, त्याला अख्खं गाव लागतं.

दगड टाकायची प्रथा मात्र खरी आहे. तिला फाशिनादा म्हणतात. दर २२ जुलैला सूर्य मावळताना एकमेकींना बांधलेल्या होड्यांची रांग निघते आणि बेटाच्या कडेला दगड सोडले जातात. पण हे सफरीगणिक नाही, वर्षातून एकदा. आणि त्यात डागडुजीही आलीच, पाणी पाया खातच असतं.

मग सुखरूप परतलेला खलाशी काय करायचा? नवस फेडायचा, आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात तसा. चर्चच्या भिंतींवर चांदीचे सुमारे २,५०० पत्रे ओळीने ठोकलेले आहेत. कुठे वादळात सापडलेलं जहाज, कुठे समुद्रावरची लढाई. एकेकट्या खलाशाची कृतज्ञता बघायची असेल तर ती इथे आहे, पाण्याखाली नाही.

'चित्र कोणी काढलं हे आजही गूढ!' हे एक शेपूट. कसलं गूढ? अभ्यासक ते लोव्रो दोब्रिचेविचचं मानतात, पंधराव्या शतकातला कोटोरचाच चित्रकार. चर्चही १४५२चं नाही; आजची इमारत सतराव्या शतकातली, १७२२ मध्ये नव्याने सजवलेली. आतली ६८ चित्रं त्रिपो कोकोल्याची, तोही पेरास्तचाच.

आणि गोष्टीसोबत फिरणारा तो फोटो. पुष्कळदा गोष्ट या बेटाची आणि फोटो शेजारच्या स्वेती जॉर्जे बेटाचं असतं. ते नैसर्गिक बेट आहे, त्यावर बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संन्याशांचा मठ आणि दफनभूमी. ओळखायची खूण सोपी: उंच सरूंची दाट झाडी दिसली की ते दुसरं. निळा घुमट दिसला तर हे आपलं, जहाजांवर उभं असलेलं.