‘रिसीव्हर घ्या’ हा सल्ला महागात पडला म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार.

घोडबंदर रोडहून आलेली तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टीव्हीच्या आवाजासाठी रिसीव्हर, म्हणजे आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारा अॅम्प्लिफायर घ्या, असं सांगणारा माझा लेख वाचून तुम्ही एक लाख दहा हजारांचा ५.१ सेट (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) घेतलात. दुकानाचा माणूस अर्ध्या तासात वायरी जोडून गेला. सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात बसवला. संवाद ऐकू येईनात, मारामारी सुरू झाली की खालच्या मजल्यावरचे बेल वाजवायचे आणि तीन रिमोट घरात कुणालाच जमले नाहीत. शेवटी ‘१६५ वॉट’वाला रिसीव्हर निम्म्या किमतीत विकला, स्पीकर माळ्यावर टाकले, आणि आता पंचवीस हजारांच्या साउंडबारवर, म्हणजे टीव्हीखालच्या एकाच लांब स्पीकरवर, सगळे खूश आहेत. ‘तुम्ही लोक प्रत्येकाचा बंगला असल्यासारखं लिहिता,’ असा तुमचा शेवट आहे.

तो मला लागला, कारण त्यात तथ्य आहे. ‘टू बीएचकेमध्येही काही अडचण येत नाही’ असं मी लिहिलं होतं. येते. ते वाक्य मी आज लेखातून काढलं.

संवादांच्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही. मी रिसीव्हर घेतला तोच मुळी संवादांसाठी. सत्तरीनंतर आईला कमी ऐकू यायला लागलं. वयाने कान जातो तेव्हा आधी वरच्या कंपनसंख्येचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, त, क, फ ही व्यंजनं पुसट होतात, आणि शब्द ओळखायचा तो त्यांच्यावरूनच. म्हणून ती म्हणायची, ‘आवाज येतोय रे, पण काय बोलतात ते कळत नाही.’ आवाज वाढवला की पार्श्वसंगीतही तेवढंच वाढायचं. हळूहळू ती मालिका सुरू असताना उठून आत जाऊन बसायला लागली. ते मला बघवेना.

५.१ ध्वनीत सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलवर असतात. टीव्हीला आवाजाचे दोनच चॅनेल, डावा आणि उजवा, असले की तो हा मधला चॅनेल डाव्या-उजव्यात कालवून टाकतो, आणि बोलणं, संगीत, स्फोट सगळं एकाच तोंडातून बाहेर पडतं. रिसीव्हर बोलणं वेगळ्या स्पीकरला देतो आणि त्याची पातळी वेगळी वाढवू देतो. आमच्याकडे सेंटर बाकीच्यांपेक्षा ४ डेसिबलने वर आहे. मालिका नुसत्या स्टिरिओत, म्हणजे डाव्या-उजव्या दोनच चॅनेलवर, आली तरी चालतं. रिसीव्हरमधली डॉल्बी सराउंड ही सोय, किंवा जुन्या मॉडेलांतलं प्रो लॉजिक टू, डाव्या-उजव्यात जे सारखं आहे ते उचलून मध्ये आणतं, आणि सारखं असतं ते बहुधा बोलणंच. आई आता पुन्हा हॉलमध्ये बसते, आणि एकूण आवाज पूर्वीपेक्षा कमी असतो.

मग तुमच्याकडे उलट का झालं? तुमच्या वर्णनावरून मला दोन कारणं दिसतात. खालच्या कप्प्यात आत सरकवलेला सेंटर गुडघ्यांशी बोलतो, शिवाय त्याचा आवाज कप्प्यातच घुमतो. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढायचा आणि खाली रबराचे तुकडे घालून तोंड कानाच्या दिशेला उचलायचं. दुसरं, रिसीव्हरच्या खोक्यात वायरीचा छोटा माईक येतो. अर्ध्या तासात गेलेल्या माणसाने तो बाहेरसुद्धा काढला नसणार. सोफ्यावर बसल्यावर कान येतात त्या उंचीवर तो माईक ठेवून, जागा बदलत सहा-आठ वेळा माप घ्यायचं असतं. त्यावरून रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी ठरवतो, खोलीच्या घुमण्यावरही थोडा उतारा करतो. मी हे सकाळी सहाला करतो, राम मारुती रोडवर रिक्षा सुरू व्हायच्या आत, पंखा बंद ठेवून. नंतर पंखा पाचवर लावून बसायचं आणि सेंटर आणखी २ डेसिबल वर घ्यायचा. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं नाही. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून कोण टीव्ही बघतं? हे सगळं मूळ लेखात यायला हवं होतं. मी त्यावर एक ओळ लिहिली होती.

१६५ वॉटच्या आकड्यावर माझा राग आहे, आणि तो तुमच्यावर नाही. असा आकडा बहुतेकदा एकच चॅनेल चालू ठेवून, ६ ओम रोधाच्या स्पीकरवर, एकाच कंपनसंख्येला, आवाज १० टक्के फाटेपर्यंत ताणून काढलेला असतो. तोच रिसीव्हर दोन चॅनेल, ८ ओम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि आवाज जवळजवळ न फाटता या अटींवर मोजला तर आकडा निम्म्याच्या आसपास येतो. पण त्याने तुमचं काही अडत नव्हतं. साधा ८७ डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर १ वॉटवर एक मीटरवर ८७ डेसिबल देतो, आणि माणसाचं बोलणं असतं ६०-६५. म्हणजे संवादांना एक वॉटसुद्धा लागत नाही. वॉट लागतात ते धडाम्-धुडूमला. विकत घेताना आकडा बघू नका, सेंटर कुठे बसेल ते बघा. हे मी आधी सांगितलं असतं तर तुमचे पैसे वाचले असते.

शेजाऱ्यांच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. सबवूफर साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज काढतो. इतक्या लांब लहरींना पडदे, गालिचे काही अडवत नाहीत, त्या स्लॅबमधून खाली जातात. खाली पॅड ठेवून जमिनीला लागणारा हादरा थोडा कमी होतो, हवेतून जाणारं तसंच जातं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागात रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण नियम काढून दाखवायची वेळ येऊ नये. आमच्या खाली तान्हं बाळ आलं तेव्हापासून दहानंतर सबवूफरचं बटण बंद आणि रिसीव्हरचा नाईट मोड चालू असतो. त्याने मोठा आवाज दबतो, बारीक आवाज वर येतो. पण मोकळेपणाने दणका ऐकायचा असेल तर फ्लॅटमध्ये, शनिवार दुपार सोडली तर, रिसीव्हरचा तो आनंद मिळत नाही. हा खरा तोटा आहे आणि मी तो लपवला होता.

आणखी एक तोटा तुम्ही लिहिला नाहीत, मी लिहितो. माझा पहिला रिसीव्हर चार वर्षांत गेला. टीव्ही युनिटच्या काचेच्या दारामागे कोंडला होता. हे यंत्र नुसतं चालू असलं तरी तापतं, आणि ती उष्णता जायला वर चार-सहा इंच मोकळी जागा लागते. एचडीएमआयचं बोर्ड गेलं, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मी तो घरी परत आणला. पण स्पीकर तेच राहिले, आजही तेच वाजतात. रिसीव्हरच्या बाजूने मला हे मोठं वाटतं. साउंडबारमध्ये स्पीकर, अॅम्प, बोर्ड सगळं एका नळीत असतं. एक गेलं की बहुधा सगळंच बदलावं लागतं.

‘दोन वर्षांत जुना होतो’ हेही तुम्ही म्हटलंय. फोर के टीव्ही आले तेव्हा अनेकांच्या रिसीव्हरमध्ये एचडीसीपी २.२ हे नक्कलरोधक कुलूप उघडायची सोय नव्हती आणि फोर के चित्र त्यातून पुढे जाईना, हे खरं. तरीही ते रिसीव्हर भंगारात घालायची गरज नव्हती. सगळी यंत्रं टीव्हीला जोडायची आणि टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून (आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआयमधून) फक्त आवाज रिसीव्हरकडे आणायचा. तीन रिमोटवरही हाच इलाज आहे. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे सीईसी, म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतून एका यंत्राने दुसरं चालवायची सोय, चालू केलं की टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हर चालू-बंद होतो आणि आवाजही कमी-जास्त होतो. आई एकच रिमोट वापरते. कधीतरी वीज जाऊन आली की सीईसी विसरतं, तेव्हा ती मला हाक मारते.

तुमचा साउंडबार चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. अकरा महिन्यांच्या कराराचं भाड्याचं घर असेल, भिंतीला भोक पाडायची परवानगी नसेल, सोफ्याच्या मागे स्पीकरला जागा नसेल, तर साउंडबारच घ्यावा. फक्त तो ३.१ (डावा, मधला, उजवा आणि सबवूफर) असावा, म्हणजे मधला चॅनेल खरा असतो. अशा बऱ्याच साउंडबारांच्या मेनूत बोलण्याची पातळी वेगळी वाढवता येते. तुमच्यात ती सोय आहे का, आज रात्री बघा.

आणि माळ्यावरच्या स्पीकरांचं. ते तिथे ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात. स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या (कोनच्या) कडेला फोम असेल तर आपल्या दमट हवेत तो कुजतो, रबर जास्त टिकतं. पुढचे दोन खाली काढा. एचडीएमआय एआरसी असलेला छोटा स्टिरिओ अॅम्प मिळतो, त्याला ते जोडता येतील. मागचे स्पीकर नाहीत, सबवूफर नाही, शेजाऱ्यांची बेल नाही. जुनी भावगीतं आणि नाट्यपदं बहुतेक मोनोतच, म्हणजे एकाच चॅनेलवर, ध्वनिमुद्रित झालेली आहेत. ती दोन चांगल्या स्पीकरांमधून ऐकली की गाणारा टीव्हीच्या बरोबर मधे उभा राहतो. नौपाड्याकडे येणं झालं तर कळवा, आमच्याकडे ऐकून बघा आणि मग ठरवा. शनिवारी दुपारी या.