‘गॅसलाइटिंग’ शिकवायचंय? मग नाटक चुकूनही वाचू नका

गेल्या शुक्रवारी दुपारी चार वाजता, म्हणजे माणूस आधीच अर्धमेला असताना, आमच्या ऑफिसात मानसिक आरोग्याचं सेशन झालं. विषय ‘गॅसलाइटिंग’, म्हणजे समोरच्याला पुन्हा पुन्हा खोटं पाडून त्याचा स्वतःच्याच डोक्यावरचा विश्वास उडवणं. हा शब्द ज्या नाटकावरून आला, त्याबद्दल स्लाइडवर लिहिलं होतं, ‘नवरा मुद्दाम दिवे मंद करायचा आणि बायकोला वेडी ठरवायचा.’ मी हात वर केला. त्यानंतर मला जे शहाणपण आलं, ते तुम्हालाही वाटून देतेय.

‘गॅस लाइट’ हे नाटक लिहिणाऱ्या पॅट्रिक हॅमिल्टनचं नाव घेऊ नका. १९३८चं नाटक, त्यात व्हिक्टोरियन लंडन, कोणाला वेळ आहे? शब्द मिळाला ना? २०२२ साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशानं तो वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केला. झालं तर मग.

त्यावरचा सिनेमा पाहिलाय असं भासवायचं असेल, तर ‘इन्ग्रिड बर्गमन’ म्हणून सुस्कारा सोडा. १९४४चा सिनेमा, ऑस्कर वगैरे. त्याआधी १९४०मध्ये ब्रिटिशांनी काढलेल्या सिनेमाचा विषय मात्र काढू नका. एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीनं हक्क घेतल्यावर त्याच्या प्रतीच नष्ट करायचा घाट घातला होता. असा सिनेमा नव्हताच हो, तुम्हाला भास झाला!

ब्रॉडवेवर ‘एंजल स्ट्रीट’ या नावानं याच नाटकाचे १,२९५ प्रयोग झाले. विसरा.

आणि दिवे! दिवे नवऱ्यानंच मुद्दाम मंद केले म्हणून ठोकून द्या. नाहीतर गॅसच्या नळ्या समजून घ्याव्या लागतील. नवरा रोज संध्याकाळी ‘बाहेर’ जातो आणि गुपचूप आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर शिरतो. तिथे त्यानं पूर्वी एका म्हातारीचा खून केलाय आणि तिची माणकं अजून सापडलेली नाहीत. शोधायला उजेड हवा, म्हणून तो वर गॅस पेटवतो. घराला पुरवठा एकच, त्यामुळे खालचा दिवा मंदावतो. तो परत यायच्या दहा मिनिटं आधी दिवा पुन्हा मोठा होतो. बायको हे बघते, हिशोब मांडते, पण उत्तराची तिलाच भीती वाटते. भिंतीवरची तसबीर काढून लपवणं, तिच्या वस्तू गायब करून तिच्यावरच आळ घेणं, हे त्याचे डाव. दिवा नव्हे! दिवा ही त्याची चूक आहे. अहो, त्या दिव्यावरूनच तो सापडतो! अख्ख्या घरात तिच्या बाजूनं बोलणारा एकच साक्षीदार, आणि तोही तुम्ही नवऱ्याच्या खात्यावर जमा केलात?

कोणी चूक दाखवलीच, तर ‘तुम्ही मला गॅसलाइट करताय’ म्हणा. मला हेच ऐकवलं गेलं. चाळीस जणांसमोर. वर टाळ्या.

टाळ्या! पुरे झालं. चहात साखर होती की नव्हती यावरचा वाद म्हणजे गॅसलाइटिंग नाही. साहेबांनी रजा नाकारली तर तो खडूसपणा. उसने पैसे बुडवले तर ती लबाडी. थापा, टोलवाटोलवी, उलट्या बोंबा, मराठीत शब्दांचा दुष्काळ पडलाय का? ज्या बाईला घरात खरंच रोज वेडी ठरवलं जातंय, तिनं हा शब्द उच्चारला की आता समोरचा हसतो. ही तुमची कर्तबगारी.

सोमवारी मेलवर उजळणीची प्रश्नावली आली. पहिला प्रश्न, ‘नवरा दिवे का मंद करत असे?’ पर्याय चार, चारही चूक, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी अजून पहिल्याच प्रश्नावर आहे. आधी नाटक वाचा, मग मला रिमाइंडर पाठवा.