मुंग्यांवर डिझेल? मावशी, अगं…

परवा पुण्यात सहकारनगरला मावशीकडे गेलो तर अंगणात पेट्रोल पंपासारखा वास. कढीपत्त्याच्या बुंध्याशी माती काळी, तेलकट. "मुंग्यांनी घर केलं होतं रे. अर्धा लिटर डिझेल ओतलं. ग्रुपवर आलं होतं." वीस वर्षांचा कढीपत्ता!

फॉरवर्ड वाचला. मुंग्या जमीन आतून पोकळ करतात, माती 'मरते', त्या मुळं खातात, तीन वर्षांत झाड आडवं होतं. तेव्हा उकळतं पाणी नाहीतर डिझेल ओता. सोबत पुरुषभर उंचीच्या वारुळाचा फोटो. ते वारूळ वाळवीचं! नागपंचमीला मावशी ज्याची पूजा करते, तेच.

आधी डिझेल. तेल मातीच्या कणांवर बसलं की पाणी आत शिरत नाही. मावशीसमोर तांब्याभर पाणी ओतलं, तर मोत्यांसारखे थेंब होऊन फरशीकडे ओघळलं. मुळांचा श्वास कोंडतो, मातीतले जिवाणू, गांडुळं जातात. म्हणजे माती मेली खरी, पण मारली कोणी? आणि त्याच झाडाची पानं उद्या आमटीत. उकळतं पाणी तर बारीक मुळंच भाजतं. राणी बहुतेक वेळा खाली खोलवर सुखरूप असते.

आता 'पोकळ'. हो, करतात पोकळ. तेच तर हवं असतं! पहिल्या पावसानंतर तळजाईच्या टेकडीवर जा आणि उकिडवे बसून मुंग्यांचं एखादं बीळ बघा. तोंडाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांचं कडं असतं, वरच्या मातीपेक्षा वेगळ्या रंगाचं, कारण ती माती खालून एकेक कण उचलून आणलेली. पुढचा पाऊस ती पसरवतो. खाली बोगद्यांतून हवा-पाणी खेळतं. कोठ्यांत टरफलं, मेलेले किडे कुजतात, त्यातून नत्र-स्फुरद मिळतं. मुंग्या बिऱ्हाड हलवतात, जुनी बिळं वरच्या मातीनं बुजतात, शेजारी नवी होतात. अशी वर्षानुवर्षं खालची माती वर, वरची खाली. नांगराविना नांगरट.

पुरावा हवा? २०११ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या विज्ञान नियतकालिकात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कोरडवाहू गव्हाचा प्रयोग छापून आला. मुंग्या आणि वाळवी राहू दिलेल्या जमिनीत उत्पादन ३६ टक्के जास्त; पाणी जास्त मुरलं, नत्रही वाढलं. तिथला गहू म्हणजे आपला कढीपत्ता नव्हे, मान्य. पण फॉरवर्डकडे तेवढंही नाही.

मुळं खातात? बटाटा पोखरणारी एक जात आहे, पण अंगणातल्या बहुतेक मुंग्यांना मुळांत रस नाही. काही जाती बिया साठवतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्यातच मुंग्यांना भिजलेलं गवताचं बी उन्हात वाळवताना पाहून लिहून ठेवलं आहे.

बरं, थोडं खरंही आहे. कुंडीत मुंग्यांनी बोगदे केले की पाणी सरळ खाली निघून जातं, मुळं कोरडी राहतात. पेव्हर ब्लॉकखालची वाळू त्या उपसतात, ब्लॉक डुगडुगतात. शिवाय झाडाचा रस शोषणाऱ्या माव्याला, पिठ्या ढेकणाला त्यांच्या गोड चिकट्यासाठी सांभाळतात. मग आधी मावा धुऊन काढा, कुंडी पाण्यात बुडवून ठेवा. डिझेल कशाला?

मावशीच्या अंगणातली तेलकट माती वीतभर खरवडून गोणीत भरलीय. ती कुठे टाकायची, ते फॉरवर्डमध्ये लिहिलेलं नाही.