तो निखारा बुद्धांचा नव्हे

नाशिकच्या ग्रुपांवर पांडवलेण्यांच्या फोटोवर लिहिलेलं एक वाक्य फिरतंय: ‘राग धरणं म्हणजे दुसऱ्याला मारायला निखारा उचलणं, आधी हात आपलाच भाजतो. – भगवान बुद्ध’. उपमा बौद्ध ग्रंथातलीच, पण नाव चुकलंय. ती ‘विसुद्धिमग्ग’मधली, ५व्या शतकातल्या आचार्य बुद्धघोषांची, बुद्धांनंतर आठ-नऊशे वर्षांनी लिहिलेली. मुळात निखाऱ्याच्या जोडीला विष्ठाही आहे, उचलणाराच आधी घाण होतो! गुड मॉर्निंगच्या फुलांत ते बसलं नसावं. रागाबद्दल बुद्धवचनच पाठवायचं तर धम्मपदातली २२२वी गाथा आहे: उसळलेला राग भरकटलेल्या रथासारखा आवरतो तो सारथी, बाकीचे नुसते लगाम धरून बसलेले.