स्वतःचा देश काढायचाय? मग हे वाचाच

तर तुमच्या डोक्यात स्वतःचा देश काढायचं खूळ शिरलंय. उत्तम. पहिला सल्ला, जमलं तर जरा लवकर जन्माला या, शक्यतो युरोपात आणि १६४८ च्या आधी.

त्या साली तीस वर्षं एकमेकांचे गळे कापून दमलेली युरोपातली राज्यं तहाला (वेस्टफालियाचा तह म्हणतात त्याला) बसली, बसली म्हणजे काय, एका गावातही नाही बसली, कॅथलिक बाजू म्युन्स्टरला आणि स्वीडन वगैरे ओस्नाब्रुकला, कारण मान कुणाचा मोठा यावरूनच कित्येक महिने रुसवेफुगवे चालले होते. शेवटी फ्रान्सने जमीन घेतली, स्वीडनने जमीन आणि वर ५० लाख थालर (तेव्हाची चांदीची नाणी) घेतले, पोपने तह रद्दबातल म्हणून जाहीर केला तर त्याला कुणी भीकही घातली नाही. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही हे तत्त्व म्हणे इथनं सुरू झालं. त्याच तहाचे हमीदार फ्रान्स आणि स्वीडन, म्हणजे जर्मन राजांच्या भांडणात पडायचं लायसनच की! पण हे परीक्षेत लिहू नका, मार्क जातील.

उशिरा जन्मलात? मग पैसे साठवा. हैती ही कॅरिबियनमधली फ्रेंचांची वसाहत, तिथल्या गुलामांनी बंड करून, फ्रेंच फौजेला हरवून १८०४ मध्ये देश उभा केला, आणि वाटलं झालं काम. १८२५ ला फ्रान्सच्या युद्धनौका दारात, मान्यता हवी तर १५ कोटी फ्रँक टाका, आमचं नुकसान झालंय, त्यात माणसंसुद्धा धरली बरं का. ते द्यायला कर्ज काढलं तेही फ्रेंच बँकांकडूनच, पुढे रक्कम ९ कोटींवर आणली हा त्यांचा मोठेपणा.

आणि मीटिंगचं बोलावणं आलं नाही तर समजून जा की मेन्यूवर तुम्हीच आहात. बर्लिनला १८८४-८५ मध्ये १४ देश जमले, विषय आफ्रिका, आफ्रिकेतलं एकही माणूस नाही. काँगो तर बेल्जियमच्या राजाची खाजगी प्रॉपर्टी झाला.

आता म्हणाल, जुन्या गोष्टी झाल्या, हल्ली नियम असतात. असतात ना! १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात देश कशाला म्हणायचं याच्या चार अटी दिल्यात: कायमची लोकसंख्या, ठरलेला प्रदेश, सरकार, इतर देशांशी संबंध ठेवायची क्षमता. सोप्पं. तैवानकडे स्वतःचं सरकार, सैन्य, चलन सगळं आहे, तरी १९७१ पासून संयुक्त राष्ट्रांत खुर्ची नाही, म्हणजे पाचवी अट कुठेतरी बारीक अक्षरात असणार.

समजा तरीही घुसलात. अभिनंदन, तुम्ही १९४ वे. सगळे सदस्य समान आहेत असं सनदेत छापलंय, फक्त १९४५ ला जिंकलेल्या पाच जणांकडे व्हेटो आहे. तो काढून टाकायचा म्हणताय? काढा की, सनद दुरुस्त करायची पूर्ण सोय आहे, दोन तृतीयांश देश गोळा करा आणि मग त्याच पाच जणांची मंजुरी आणा.